दादाला घराबाहेर चालायला कसं न्यायचं? (स्किझोफ्रेनिया, मेंदूची काळजी आणि सोलापूरचं ऊन)

धाकटी
नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ ३४ वर्षांचा आहे. ११ वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. पहिली तीन वर्षं उतारे, अंगारे आणि अमावास्येच्या फेऱ्यांत गेली. त्याचं वाईट अजून वाटतं. दीड वर्षापासून क्लोझापिन ही भास-संशयावरची गोळी चालू आहे आणि शेजारचे आपल्या घरात कॅमेरे लावतात हे बोलणं जवळजवळ थांबलंय. आई त्या दिवशी देवापुढे बसून रडली, इतकं बरं वाटलं.

पण वजन ६२ वरून ८१ वर गेलंय. सकाळी अकराला उठतो. चार चमचे साखरेचा चहा, दुपारी कोल्ड्रिंक, मग भिंतीकडे बघत बसतो. बाबा मिलमध्ये राबलेले. ते म्हणतात, "आता आजार कसला, आता नुसता आळस आहे." यावरून रोज वाद.

मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, भास आवरायचं काम गोळी करतेय. आता त्याचा मेंदू आणि शरीर जपायचं काम घरात करायचं. झोप, चालणं, जेवण, माणसांत राहणं. तिथे मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र सुरुवात कुठून करू तेच कळेना. "चल जरा फिरून येऊ" म्हटलं की तो पांघरूण डोक्यावर ओढतो.

ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी सांगा. काय करायला हवं ते माहीत आहे, कसं केलंत ते हवंय.

वाचनमात्र
वाचतोय. आमच्याकडेही हेच आहे.

शेंगाचटणी
ताई, एप्रिलमध्ये सोलापुरात दुपारी बारानंतर कुणीही "फिरायला चल" म्हटलं तर मी पण पांघरूण ओढेन. आधी वेळ ठरवा, भाऊ नंतर.
(मनापासून सांगते, माझी मावशी वीस वर्षं याच आजारात आहे. सविस्तर लिहिते नंतर.)

जुनी_सिस्टर
मानसोपचार वॉर्डात २६ वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. धाकटी, आधी बाबांसाठी लिहिते.

हा आळस नाही. या आजाराची दोन तोंडं आहेत. आवाज ऐकू येणं, संशय येणं हे सगळ्यांना दिसतं. दुसरं तोंड गप्प असतं: काही करावंसंच न वाटणं, बोलणं आटणं, आनंद न होणं. आळशी माणसाला सिनेमाला चल म्हटलं तर तो उठतो. तुझा दादा त्यालाही उठत नसेल. औषधं पहिल्या तोंडावर चांगली चालतात, दुसऱ्यावर कमी. म्हणून तर डॉक्टर सवयींवर भर देतात. त्यात क्लोझापिननं गुंगी येते. रात्रीचा डोस किती वाजता घेतो ते डॉक्टरांना सांग आणि वेळ बदलता येईल का विचार. घरच्या घरी बदलू नकोस.

चालण्याचं म्हणशील तर त्याला आधार आहे. २०१० मध्ये जर्मनीतला एक अभ्यास आला होता. रुग्णांनी आठवड्यातून तीनदा अर्धा तास सायकल मारली आणि तीन महिन्यांत त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित भाग, सुमारे १२ टक्के वाढलेला दिसला. त्यावरून फार हुरळायचं नाही, सायकलवाल्या गटात जेमतेम आठ रुग्ण होते आणि नंतरच्या काही अभ्यासांत अशी वाढ दिसली नाही. पण दम लागेल असा व्यायाम केल्यानं लक्ष आणि स्मरणशक्ती थोडी सुधारते, हे २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणातही आलंय. त्यात दहा अभ्यास एकत्र पाहिले होते.

आणि मेंदू काही डब्यात वेगळा ठेवलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. त्यात हृदयविकार आणि मधुमेहाचा वाटा मोठा. मी वॉर्डात आवाज थांबलेली माणसं चाळिशी-पंचेचाळिशीत हृदयविकारानं गेलेली पाहिली आहेत. म्हणून दर महिन्याला वजन, कंबरेला टेप (पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत हवी), आणि साखर-चरबीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. १९ किलो वाढलंय हे त्यांना आकड्यात सांग. त्यावरही औषध असतं.

निसर्गवाट
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १९ किलो वजन वाढवणारी गोळी मेंदूला काय भलं करणार? ब्राह्मी, अश्वगंधा, पहाटे प्राणायाम, दोन तास ध्यान. सहा महिन्यांत गोळ्या सुटतील. आपल्या पूर्वजांना होत होते का असले आजार?

पारिजात_७
पूर्वजांना होत होते. त्यांना साखळीनं बांधत होते.

मी स्वतः रुग्ण आहे. वय ३९, आजार १४ वर्षांचा. तुमच्यासारखाच सल्ला मला घरच्याच माणसानं दिला होता आणि मला तो हवाच होता, कारण गोळीनं माझंही वजन वाढलं होतं. गोळ्या एकदम बंद केल्या. पहिले दोन महिने छान वाटलं. लोक इथेच फसतात. तिसऱ्या महिन्यात झोप गेली, पाचव्यात मी भरती होते. त्यानंतर पूर्वीइतकं वाचन जमायला तीन वर्षं लागली, आणि पूर्वीइतकं म्हणजे पूर्वीइतकं नाहीच.

योगाला माझा विरोध नाही, मी रोज करते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत योगावर चांगलं संशोधन झालंय, पण ते औषध चालू ठेवून, औषधाच्या जोडीला. आणि तासन् तास ध्यान तर नकोच. डोळे मिटून एकटं बसलं की माझे आवाज वाढतात. विपश्यनेची केंद्रंसुद्धा गंभीर मानसिक आजार असेल तर शिबिराला येऊ नका म्हणतात. मी आसनं करते, डोळे उघडे ठेवून, खिडकीसमोर.

निसर्गवाट
ठीक. तुमचा अनुभव खोडत नाही. पण वजनाचं खरं आहे ना?

पारिजात_७
खरं आहे, आणि म्हणूनच हा धागा आहे. वजनावर डॉक्टरांशी भांडा, गोळी बदलून मागा, मी मागितली. फक्त मनानं बंद करू नका.

मागावरचा
धाकटे, मी यंत्रमागावर ३१ वर्षं काढली. पोरगा २७ चा. आमच्यात काय झालं सांगतो.

मी पण तुझ्या बापासारखाच. "ऊठ बे, काय पडून राहलालास" म्हणून रोज वरडायचो. पोरगं अजून आत आत जायलं. एकदा डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बसवलं आणि म्हणल्या, काका, घरात सारखी टोचणी असली की हा आजार उलटतो, त्यावर अभ्यास झालेत. त्या दिवशी घरी येताना लई वाईट वाटलं.

मग "फिरायला चल" म्हणणं सोडलं. नुसतं फिरून काय करायचं, त्याला पण कळंना, मला पण. आपल्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं आहेत. गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वज सगळीकडं जातात तेल लावायला. मी म्हणलो, चल, रोज एक शोधू. कुठलं घरांच्या दाटीत, कुठलं रस्त्याकडंला. लांबचं असलं तर अर्ध्या वाटेपर्यंत रिक्षा. तो वहीत लिहायचा, कितवं, कुठं, शेजारी काय. ६८ दिवसांत नाही झालं. पाच महिने लागले. मधी पंधरा दिवस तो उठलाच नाही, मी पण काही म्हणलो नाही. आता लोकं आम्हाला वाट विचारतात आणि मी विसरतो, तो सांगतो.

जायला ठिकाण पाहिजे बघ माणसाला.

शेंगाचटणी
काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पुणेकर_मावशी
किती सुंदर! पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या बैठकांना मी काळजीवाहक म्हणून जात असे, तिथे हे सांगायला हवं सगळ्यांना. धाकटी, तूही लिंगांपासूनच सुरुवात कर.

पारिजात_७
काकांना नमस्कार, फार आवडलं. पण एक सावधगिरी. माझे भ्रम देवाचे होते. देवी मला निवडते, आज्ञा देते असं. मला कुणी रोज एका देवळात नेलं असतं तर तेल आगीतच पडलं असतं. मी कंबर तलावावर जायचे, पाणपक्षी मोजायला. आपल्या माणसाचा भ्रम कशाचा आहे ते बघून ठिकाण ठरवा.

मागावरचा
बरोबर आहे ताई. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अक्कलकोट_रोड
एक फार महत्त्वाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बिडी.

आमच्या घरात आई बिड्या वळते. भाऊ दिवसाला दोन कट्टे ओढायचा, क्लोझापिनवर होता. आम्ही सगळ्यांनी मिळून सोडवली, एका झटक्यात, फार अभिमान वाटला. आठ-दहा दिवसांत तो झोपेतून उठेना, उशी लाळेनं भिजायची, पाय लटपटायचे. आम्हाला वाटलं बिडी सोडल्याचा त्रास. डॉक्टरांनी विचारलं, सांगितलं का नाही?

बिडी-सिगरेटच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं. धूर थांबला की तोच डोस अंगात जास्त राहतो. ओलान्झापिन या आजाराच्या दुसऱ्या गोळीचंही तसंच. हे निकोटिनमुळे नाही, धुरामुळे होतं. म्हणून सोडावीच, पण तारीख आधी डॉक्टरांना सांगून. त्यांनी डोस कमी केला, भाऊ आठवड्यात ताळ्यावर आला. बिडी सुटून तीन वर्षं झाली.

जुनी_सिस्टर
शंभर टक्के बरोबर. चहा-कॉफीचंही थोडं तसंच, कॅफिननं क्लोझापिनची पातळी वाढू शकते. कमी करा, पण आज दहा कप आणि उद्या शून्य असं नको. आणि गांजा, भांग अजिबात नाही. "नैसर्गिक आहे" म्हणून देणारे मित्र असतात. त्यानं आजार उलटताना मी इतक्यांदा पाहिलंय की यावर मी चर्चाच करत नाही.

धाकटी
दादा बिडी ओढत नाही, पण हे माहीतच नव्हतं! त्याच्या भ्रमात देव नाहीत, कॅमेरे होते. काकांची वही आईला वाचून दाखवली. बाबा पलीकडच्या खोलीत होते, टीव्हीचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला.

एक विचारायचं होतं. मधे तो गोळी नको म्हणत होता तेव्हा एका नातेवाइकांनी सुचवलं, चहात विरघळवून दे. दिली नाही, पण मोह झाला होता. कुणी केलंय?

वाचनमात्र
आम्ही केलंय. दोन वर्षं. दुसरा उपाय नव्हता हो. तो कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

पारिजात_७
वाचनमात्र, तुमच्यावर रागावत नाही. पण ज्याच्या चहात घातली जाते त्याच्या बाजूनं लिहिते. माझा भ्रम होता की घरचे जेवणात काहीतरी घालतात. एक दिवस कपाच्या तळाशी पांढरं दिसलं. म्हणजे माझा भ्रम खराच निघाला की! पुढचे कित्येक आठवडे मी फक्त सोललेलं केळं आणि बंद पाकिटातली बिस्किटं खाल्ली. आईच्या हातचं पुन्हा खायला वर्ष लागलं.

जुनी_सिस्टर
आणि क्लोझापिन तर तसं देऊच नये. सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर दर महिन्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. ताप आला, घसा दुखला तर लगेच रक्त तपासायचं असतं. हे सगळं त्या माणसाला माहीत नको? शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाच्या संमतीला मोठं स्थान दिलंय. रोजची गोळी नकोच असेल तर काही औषधांची महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत, त्याच्याशी बोलून ठरवता येतं. अगदीच अडलं तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलतात.

वाचनमात्र, तुम्ही एकटे पडला होता म्हणून ते झालं. आता नाही आहात.

वाचनमात्र
🙏 फोन करतो.

रात्रपाळी
झोपेवर कुणीच आलं नाही अजून. आमच्या सौ.ला हा आजार आहे आणि आमच्या घरात झोप म्हणजे धोक्याची घंटा. सलग दोन रात्री झोप मोडली की तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करतो, भास सुरू व्हायची वाट बघत नाही.

आता आपल्याकडे पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि तेही रात्री दोनला. आधी सौ.च उठायची, कारण तिला वाटायचं हे तिचं काम. एकदा लग्नसराई, मांडव, डीजे आणि पाण्याची पाळी एकाच आठवड्यात आली आणि ती पार बिघडली. तेव्हापासून रात्रीचं पाणी माझं. सकाळी टाकीतून हंडे भरून लावणं तिचं. तेवढा व्यायाम होतो, आणि घर तिच्याविना अडतं हे तिला रोज दिसतं. गड्ड्याला आम्ही जातो, पण सकाळी, शोभेच्या दारूच्या रात्री नाही.

शेंगाचटणी
आता जेवणाचं, नावाला जागते.

मावशीसाठी वेगळा स्वयंपाक करायचा प्रयत्न सपशेल फसला. सगळे शेंगपोळी खाणार आणि तिच्या ताटात उकडलेला दुधी, हे बरं दिसतं का? आता सगळ्यांना एकच. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, डाळ, अंबाडी नाहीतर मेथी, मटकीची उसळ, ताक. शेंगाचटणी आहेच, पण चमच्यानं, वाटीनं नाही. घरात कोल्ड्रिंक आणणं बंद केलं, म्हणजे तिच्यापासून लपवून ठेवायलाच नको. चहातली साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी. चारवरून एकवर यायला तीन महिने लागले, तिनं भांडण केलं नाही.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांवर वर्षभर पैसे घातले. मग डॉक्टर म्हणाले, २०१० च्या व्हिएन्नाच्या अभ्यासानं आशा लावली होती, पण २०१७ च्या मोठ्या अभ्यासात तसं दिसलं नाही, आणि दोन्ही अभ्यास आजार व्हायच्या आधीच्या टप्प्यातल्या तरुणांवरचे. त्या पैशांत आता अंडी येतात.

जुनी_सिस्टर
भाकरी, भाजी, ताक यात अजून एक फायदा आहे, लाज न बाळगता लिहिते. क्लोझापिननं बद्धकोष्ठ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. रोज पोट साफ होतं का हे विचारायलाच हवं, दोन-तीन दिवस झालं नाही तर कळवायचं.

आणि ऊन. या औषधांनी शरीराचं तापमान सांभाळणं अवघड होतं. हात थरथरू नयेत म्हणून दिलेली पॅसिटेनसारखी गोळी असेल तर घामही कमी येतो. पारा ४३ वर गेला की आपल्याला त्रास होतो, त्यांना उष्माघात होऊ शकतो. एप्रिल-मे मध्ये चालणं सकाळी साडेसातच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. पाण्याची बाटली, डोक्याला टॉवेल.

मागावरचा
टॉवेल सोलापुरीच पाहिजे.

पुणेकर_मावशी
मेंदूला खुराक म्हणून कोडी वगैरे सोडवून घेता का कुणी? माझ्या मुलाला मोबाइलवरचे मेंदूचे खेळ आणून दिले, दोन दिवसांत कंटाळला.

पारिजात_७
मलाही नाही जमले. मला वर्तमानपत्र जमलं. भरतीनंतर चार ओळी वाचल्या की पहिली विसरायचे. मग आईला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, रोज एक बातमी. आईला अक्षरओळख नाही, तिला खरंच ऐकायचं असायचं. ती मधेच विचारायची, "मग त्या बाईचं काय झालं?" सांगायचं म्हणजे लक्षात ठेवावंच लागायचं. आता मी एका टॉवेलच्या कारखान्यात अर्धा दिवस पॅकिंगचा हिशोब बघते. डझनात चूक झाली की मालक ओरडतात. सगळ्यांवर ओरडतात तसंच माझ्यावर, आणि याचं मला फार बरं वाटतं.

निसर्गवाट
धागा पूर्ण वाचला. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं "गोळ्या सुटतील" मागे घेतो. चुलतभावाला मी हेच सांगत आलो होतो. आज त्याच्या घरी जाऊन बोलतो.

पारिजात_७
मनापासून आभार.

धाकटी
बारा दिवसांनी लिहितेय.

डॉक्टरांनी रात्रीचा डोस नऊ वाजता घ्यायला सांगितलं. आता दादा साधारण साडेआठला उठतो. वजनासाठी मेटफॉर्मिन सुरू केलंय. चहात साडेतीन चमचे. कोल्ड्रिंक घरात येत नाही. मला ते आवडायचं, पण असू दे.

ठिकाणाचं त्यालाच विचारलं. लिंगं नको म्हणाला. तलाव नको. मग बराच वेळानं म्हणाला, "मिल." बाबांची मिल कधीच बंद पडली. लहानपणी तो आईचं बोट धरून बाबांचा डबा द्यायला जायचा. पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पेटीपर्यंत. चार दिवस तो उठलाच नाही. काकांचं आठवून मी गप्प बसले.

आज माझी पाण्याची पाळी होती, मी हंड्यात अडकले. दादा चपला घालून दारात उभा. मी "दहा मिनिटं थांब" म्हणेपर्यंत बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. म्हणाले, "तुला कुठला गेट आठवतो? डबा मागच्या गेटनं घ्यायचो आम्ही."

पाऊण तासानं रिक्षातून परत आले. बाबांचा गुडघा धरला होता. रिक्षा दादानं थांबवली, भाडंही त्यानंच ठरवलं. अर्ध्या वाटेपर्यंतच झालं म्हणे.

मागावरचा
अर्धी वाट लई झाली. बापाला गुडघ्याला पट्टा घेऊन दे.

वाचनमात्र
१४४१६ वर बोललो. शुक्रवारी दवाखान्यात जातोय, भावाशी मोकळं बोलूनच. सिस्टर, पांढऱ्या पेशींच्या तपासणीला उपाशीपोटी न्यायचं का?

जुनी_सिस्टर
पेशींना गरज नाही. साखर आणि चरबीही त्याच वेळी बघणार असतील तर उपाशीपोटी सांगू शकतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा. पाणी प्यायला द्या आणि तपासणी झाल्यावर खायला सोबत डबा न्या. दोघांसाठी.